शारजातला खारा बांगडा

रोज सकाळी शाळेची बस येण्याआधी विभावरीकाकू उजव्या हाताची बोटं नाकाशी न्यायच्या. डोळे मिटून, अत्तर पारखावं तसा एक श्वास घ्यायच्या आणि मग हात ओढणीला पुसून ताठ उभ्या राहायच्या. आदल्या दिवशी घरात मासे साफ केलेले असले तर झोपण्यापूर्वी लिंबाची फोड, मग मीठ, आणि शेवटी नळाच्या स्टीलवर बोटं घासायची, असा त्यांचा ठरलेला क्रम होता. तरीही सकाळची तपासणी चुकायची नाही. कधीतरी केजीतल्या एका मुलीनं बसमध्ये चढताना नाक धरून म्हटलं होतं, "आंटी, यू स्मेल लाइक फिश." काकूंनी तिचा सीटबेल्ट लावता लावता उत्तर दिलं, "येस बेबी. गुड फिश." आणि दुसऱ्या दिवसापासून बोटं हुंगायला सुरुवात केली.

"लाज वाटते म्हणून नाही हं," त्यांनी मला एकदा लिफ्टमध्ये सांगितलं. "वास माझा आहे, पण बस शाळेची आहे."

शारजातल्या अल नहदा भागातल्या आमच्या इमारतीत त्यांचं दार आमच्या दारासमोर. त्या एका शाळेच्या बसवर नॅनी होत्या. म्हणजे मुलांना चढवायचं, बसवायचं, भांडणं सोडवायची आणि एकेकाला त्याच्या आईच्या किंवा आयाच्या हाती द्यायचं. सगळी मुलं उतरली की त्या रिकाम्या बसच्या शेवटच्या सीटपर्यंत चालत जात, प्रत्येक सीटच्या पाठीवर हात ठेवत आणि खाली वाकून बघत. एका दुपारी मागच्या सीटखाली दप्तराची उशी करून झोपलेला एक मुलगा त्यांना सापडला होता. तेव्हापासून बसचे ड्रायव्हर अन्वरभाई काकूंनी दारात येऊन "खलास" म्हटल्याशिवाय किल्ली काढत नसत.

बांधकामाच्या कंत्राटावर आलेल्या सोमनाथकाकांशी लग्न होऊन काकू मालवणजवळच्या एका किनाऱ्यावरच्या वाडीतून इथे आल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. काका पुढे दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या इमारतींच्या एसी दुरुस्तीवर लागले. त्यांची ओवी इथेच जन्मली आणि आता अकरावीत आहे. आई मराठीत बोलते, ओवी इंग्रजीत उत्तर देते आणि दोघींचं सगळं व्यवस्थित चालतं. "इथे ते मिळत नाही" हे वाक्य काकूंना मान्य नव्हतं. पातोळ्यांसाठी हळदीची पानं हवी होती तेव्हा त्यांनी एका व्हिलाच्या माळ्याशी ओळख काढली. बांगड्याच्या तिखल्यात घालायला तिरफळं मिळेनात, तर नेपाळी दुकानातून तिरफळाच्या चुलतभावासारखं काहीतरी आणलं, आणि काकांनी दोनदा भात घेतला. मिळत नाही म्हणजे नीट शोधलं नाही, असं त्यांचं मत.

हे मत पणाला लागलं ते ठकुआजी आल्यावर.

ठकुआजी म्हणजे सोमनाथकाकांच्या आई. त्या वाडीतल्या घरात एकट्याच राहत. आयुष्यभर त्यांनी मासळी विकली होती, खारवली होती, सुकवली होती. मे महिन्यात मागीलदारी पाय घसरून त्या पडल्या आणि शेजारीण डोकावेपर्यंत तशाच पडून राहिल्या. हाड मोडलं नाही. "कोंबडी अंगार चढान बसली, म्हटल्यान म्हातारी गेली," असं त्या हसत हसत सांगत. काकूंना ते हसणं ऐकवत नसे. दिवाळीनंतर त्यांनी आजींना दोन महिन्यांच्या व्हिजावर शारजाला आणलं. परतीचं तिकीट जानेवारीचं होतं. ते तिकीट वापरलं जाऊ नये, म्हातारीनं पुन्हा त्या घरात एकटीनं राहू नये, एवढंच काकूंना हवं होतं. काकांनाही तेच हवं होतं, पण आईसमोर बोलायची त्यांची छाती नव्हती.

आजींनी पहिल्याच आठवड्यात निकाल दिला.

"घर बरां हा," त्या म्हणाल्या. "पाणी नळाक हा, लाइट जायत नाय. पण मी रवाची नाय."

"कित्याक?" काकूंनी विचारलं.

"खारो बांगडो खय हा?"

खारा बांगडा त्यांनी बरोबर घेतला होता. प्लास्टिकच्या बरणीत, वर तीन पिशव्या बांधून. पण निघताना विमानतळावर बरणी झिरपायला लागली आणि तिथेच ठेवावी लागली. ते दुःख त्यांनी प्रवासभर कोणालाही सांगितलं नव्हतं. आता सांगत होत्या, रोज सकाळी, पेजेच्या वाटीसमोर.

कोकणाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. ताज्या बांगड्याचं पोट चिरून आतडी काढतात, कल्ल्यांत आणि पोटात जाडं मीठ भरतात आणि बरणीत मिठाच्या थरांवर थर रचतात. दोन महिन्यांत मांस लालसर, घट्ट आणि तरीही मऊ होतं. पावसात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा निखाऱ्यावर भाजलेला त्याचा एक तुकडा पेजेबरोबर अख्खं जेवण होतो. वास सगळ्या वाडीला कळतो. ज्यांना तो नकोसा वाटतो त्यांना समजावून सांगण्यात अर्थ नाही.

"ज्या गावात खारो नाय, थंय पावसात लोका काय खातत?" आजींनी विचारलं.

"आजी, इट डझन्ट रेन हिअर," ओवी म्हणाली.

काकांनी भाषांतर केलं.

"पाऊसय नाय?" आजींनी वाटी खाली ठेवली. "मगे तर बोलणाच खुटला."

"आये," काकू म्हणाल्या, "खारो मिळालो तर रवतलास?"

"बरो मिळालो तर. कसलोय नको."

"मगे मिळतलो."

काका पेपरमागून म्हणाले, "विभा, कशाला शब्द देतेस?"

"मिळणार नाही असं कोण म्हणतंय?" काकूंनी विचारलं. कोणीच म्हणत नव्हतं.

शोध सुरू झाला. आधी जवळचं सुपरमार्केट. तिथे केरळच्या बाजूचा सुकवलेला बांगडा पाकिटात मिळाला. आजींनी तो हातात घेतला, टेबलाच्या कडेवर आपटला आणि आवाज ऐकला. "ह्यो बांगडो की वहाणेचो तळ?" सुका आणि खारा यांतला फरक त्यांना अख्ख्या घराला समजावावा लागला. मग काका-काकू दुबईतल्या देऱ्याच्या मासळीबाजारातल्या सुक्या मासळीच्या दुकानांपर्यंत जाऊन आले. सोडे, बोंबील, मांदेली, सगळं होतं. आजींनी त्यातले बोंबील पसंत केले आणि मुद्दा सोडला नाही. फिलिपिनो दुकानातून चांदीच्या पट्ट्यांसारखे बारीक खारवलेले मासे आले. आजी म्हणाल्या, "चवीक बरे, पण हेंचा पोट साफ करूक नाय."

नंतर ओवीनं फोनवर शोधून एक दुकान काढलं. समुद्राजवळच्या हॉटेलांत उतरणाऱ्या रशियन पाहुण्यांसाठी तिथे माल येतो. त्या दुकानातून काकूंनी हेरिंग माशांची काचेची बरणी आणली. पांढऱ्याशुभ्र फाका, वर कांद्याच्या चकत्या, मध्ये मिरीचे दाणे. दिसायला इतकी देखणी की काकूंनी ती आधी आमच्याकडे दाखवायला आणली. "खारवलेलाच मासा आहे. बांगड्याचाच कोणीतरी लागतो," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता.

आजींनी एक फाक तोंडात टाकली. बराच वेळ चावत राहिल्या. मग विचारलं, "हेच्यात साखर कोणी घातल्यान?"

"त्यांची पद्धत आहे, आये. व्हिनेगर आणि साखर."

"बिचारे," आजी म्हणाल्या. "शिकवूक कोण नसात."

ओवी हसून हसून खुर्चीवरून घसरली. काकू हसल्या नाहीत. डिसेंबर सरून जानेवारी लागला होता. आजींनी आपलं कपड्यांचं बोचकं कपाटाबाहेर काढून पलंगाच्या पायथ्याशी ठेवलं होतं. ते येता-जाता दिसत होतं.

मार्ग अन्वरभाईंनी दाखवला. ते मलबारचे, मासळीतले जाणकार. बस रिकामी झाल्यावर काकूंनी त्यांना सगळी गोष्ट सांगितली.

"दीदी, आपने मालेह देखा?" ते म्हणाले. "इधर के लोग बनाते हैं. अपने अरबी लोग. नमक में डालके रखते हैं, महीनों. दादी के जमाने से."

"बांगडा?"

"बांगडा नहीं, सुरमई. पर नमक वही है, दीदी. समुंदर भी वही है."

शुक्रवारी काकू आणि मी गेलो. शारजाच्या एका मैदानात हिवाळ्यातला बाजार भरला होता. मध, खजूर, विणलेल्या टोपल्या, आणि एका कोपऱ्यात ओळीनं ठेवलेले पांढरे डबे. त्यांच्यामागे एक वयस्कर अमिराती बाई बसल्या होत्या. तोंडावर जुन्या पद्धतीचा सोनेरी झाक असलेला मुखवटा, हात मात्र पार ओळखीचे. बोटांच्या पेरांना मिठानं पडलेल्या चिरा होत्या. शेजारच्या दुकानवाल्यानं त्यांचं नाव अरफा सांगितलं. त्या मोडकीतोडकी हिंदी बोलत होत्या.

काकूंनी डब्याचं झाकण उघडलं आणि वास घेतला. त्यांचे खांदे खाली आले. इतक्या दिवसांत मी त्यांना असं सैल होताना पाहिलं नव्हतं.

"हेच," त्या मला म्हणाल्या. मग त्या बाईंना, "अम्मा, ये देना. बडा टुकडा."

"पहले पानी में रखना," अरफाबाई म्हणाल्या. "रात भर. फिर उबालो. पानी फेंको. फिर उबालो."

"मालूम है, मालूम है. हमारे यहाँ भी यही होता है."

"उबालो," अरफाबाईंनी पुन्हा सांगितलं.

"हाँ, हाँ, मालूम है."

अरफाबाईंनी त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं. "इन्शाल्ला," त्या म्हणाल्या आणि डबा बांधून दिला.

खारा बांगडा उकळायचा नसतो. तो धुवायचा आणि विस्तवावर धरायचा. काकूंच्या हातांना पिढ्यान् पिढ्या तेच माहीत होतं, आणि हातांनी अरफाबाईंचं ऐकलं नाही. शनिवारी दुपारी त्यांनी गॅसवर जाळी ठेवली आणि मिठाच्या पाण्यानं फुगलेला सुरमईचा जाड तुकडा सरळ आचेवर ठेवला. तो आधी तडतडला. मग त्यातून पाणी सुटलं, तेल सुटलं, आणि धूर झाला. थोडाथोडका नव्हे. काकू खोकत पंखा लावायला धावल्या.

तेवढ्यात आजींनी तेच केलं जे त्या जन्मभर करत आल्या होत्या. घरात धूर झाला की दार उघडायचं. त्यांनी फ्लॅटचं मुख्य दार सताड उघडलं आणि पदरानं धूर बाहेर हाकलला. बाहेर म्हणजे पॅसेजमध्ये. पॅसेजच्या छतावरच्या यंत्रानं तो घेतला आणि अख्ख्या इमारतीचा अलार्म वाजायला लागला.

सगळी इमारत जिन्यानं खाली उतरली. केस ओले असलेले लोक, ताटावरून उठलेले लोक, पिंजऱ्यासकट पोपट घेऊन आलेले एक गृहस्थ. ओवी आजींना दंडाला धरून आणत होती आणि आजींच्या दुसऱ्या हातात झाकलेली ताटली होती.

"आजी, व्हाय डिड यू ब्रिंग द फिश?"

"ह्येच्यासाठी इतका रामायण झाला," आजी म्हणाल्या, "आणि ह्येकाच वर ठेवू?"

वॉचमन रफिक धावत आला. "कौन से फ्लॅट में आग है? कौन से फ्लॅट में?"

काकूंनी हात वर केला. बसमध्ये मुलं वर करतात तसा, सरळ. "मेरे फ्लॅट में. आग नहीं है, भाई. मछली है."

गर्दीत हशा पिकला. सगळेच हसले नाहीत. पाचव्या मजल्यावरच्या एक बाई बाळाला खांद्यावर थोपटत होत्या, ते घाबरून रडत होतं. काकू त्यांच्याकडे गेल्या आणि बाळाच्या डोक्यावर हात ठेवून सॉरी म्हणाल्या. मग इमारतीचे मॅनेजर आले. त्यांनी नियम सांगितले, अग्निशमनवाल्यांचा फोन सांगितला, बाकीच्या रहिवाशांचा त्रास सांगितला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी खिडकी उघडेन. दार नाही."

"पुढच्या वेळी?" मॅनेजरांचा आवाज चिरकला.

पार्किंगच्या कट्ट्यावर आजी बसल्या होत्या. त्यांनी ताटलीवरचं झाकण काढलं. तुकडा बाहेरून कोळसा, आत कच्चा. त्यांनी काळं साल नखानं सोललं, आतलं थोडं मांस काढून जिभेवर ठेवलं. काका त्यांच्याकडे बघत होते. काकू मॅनेजरांना तसंच सोडून आल्या.

"खारट हा," आजी म्हणाल्या. "पण माझो बांगडो न्हय तो न्हयच."

काकूंनी ताटलीचं झाकण उचलून हातात घेतलं. त्यांच्याकडे आता दुसरं दुकान उरलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"पण ज्या बायेन ह्यो केल्यान," आजींनी आणखी एक कण जिभेवर ठेवला, "तिचो हात बरो हा. चिरल्यावर मासो गोड्या पाण्यात धुवूक नाय तिणी. म्हणान टिकलो. आजकालची चेडवा धुतत, आणि मगे रडत बसतत. मीठय जाडा घातल्यान. बारीक मीठ वरच्यावर चावता, आत जायना. आतडी काढताना नख लावल्यान काय, बघ, ह्या हाडाकडे..."

त्या बोलत राहिल्या. शारजात आल्यापासून इतकं सलग त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. हातवारे करत, ताटलीतला मासा उलटापालटा करत. शेजारी उभ्या असलेल्या मलबारी बाईंनी त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं आणि आजींनी मालवणीत उत्तर दिलं. दोघींना एकमेकींचं कळलं की नाही, कोण जाणे. काकू मात्र आजींच्या बोटांकडे बघत होत्या.

अलार्म थांबल्यावर वर जाताना लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो.

"मी वेडी आहे," काकू म्हणाल्या, पण आवाज मुळीच पडलेला नव्हता. "दुकानं काय शोधत बसले? चांगला खारा कधी कोणी विकत घेतो का? आमच्या वाडीत खारा विकत घेणाऱ्या बाईला हसतात."

"मग?"

"मग घरात ठकुबाई असताना मी बाजारात काय करतेय?" लिफ्ट थांबली तरी त्या बाहेर पडेनात. "आणि तुला अजून एक सांगते. आमच्याकडे रीत आहे. जिनं खाऱ्याच्या भरणीवर शेवटचं मीठ टाकलं तिनंच ती उघडायची. आणि उघडेपर्यंत तिनं रात्रीचं दुसऱ्या छपराखाली राहायचं नाही. नाहीतर खारा फिरतो, सडतो. सासूबाईंनी सख्ख्या भावाचं लग्न चुकवलंय भरणीपायी."

"आणि मुरायला दोन महिने लागतात," मी म्हटलं.

"दोन महिने," काकूंनी समाधानानं म्हटलं. तिकिटाला चार-पाच दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही सगळे जुबैलच्या मासळीबाजारात होतो. लखलखीत फरशा, एसीचा गारवा. आजींनी दारातच पदर खोचला. पहिल्या ठेल्यावर ओमानचे मोठे बांगडे होते, हातभर.

"ह्ये बांगडे की रेडे?" आजी म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

दुसऱ्या ठेल्यावर त्यांनी कल्ला उघडला, आत बोट घालून रंग पाहिला आणि मान हलवली. विकणारा बंगाली माणूस म्हणाला, "फ्रेश है, अम्मा, एकदम फ्रेश."

"तुझ्या बापाशीन धरल्यान काय रे? काल परवाचो हा." आजींनी मालवणीतच सुनावलं, आणि त्यालाही ते बरोबर कळलं, कारण त्यानं मागच्या बर्फातून दुसरी टोपली काढली. त्यात मध्यम बांगडे होते, पाठीवरची हिरवी नक्षी अजून ओली. आजींनी एकेकाचं पोट दाबून पाहिलं. वाकडे बाजूला टाकले. काका पाकीट काढायला लागले तर त्यांनी हात धरला. "थांब. अजून दोन वायट आसत." काढलेच त्यांनी.

"आये," काकांनी हळूच विचारलं, "इतके कित्याक? तू तर बुधवारी..."

"सोमा, तू पिशवी धर," काकू म्हणाल्या.

घरी हॉलच्या मधोमध वर्तमानपत्रं पसरली. खिडक्या उघडल्या, दार बंद ठेवलं. रोला भागातल्या एका दुकानातून काकूंनी आदल्या संध्याकाळी चिनी मातीची मोठी बरणी आणि जाडं मीठ आणून ठेवलं होतं. आजी पाट घेऊन बसल्या. सुरी त्यांनी बशीच्या पाठीवर परजून घेतली आणि मग आम्हाला कोणाला काही करू दिलं नाही. एक चीर, आत अंगठा, सगळं बाहेर. पाण्याचा थेंब नाही, फडक्यानं पुसायचं. कल्ल्यात मीठ, पोटात मीठ. ओवी मोबाइल बाजूला ठेवून गुडघ्यांवर हनुवटी टेकून बघत होती.

"कॅन आय ट्राय?"

आजींनी तिच्या हातात एक बांगडा दिला. ओवीनं भरलेल्या मिठातलं अर्धं मीठ खाली सांडलं. आजींनी ते उचलून परत पोटात कोंबलं. "शाळेत ह्या शिकयनत नाय, मगे काय शिकयतत?"

थर चढत गेले. डोकं या बाजूला, शेपूट त्या बाजूला. वर दाबायला वजन हवं होतं. शारजाच्या फ्लॅटमध्ये दगड कुठला? ओवी आत गेली आणि आपलं व्यायामाचं डंबेल घेऊन आली. आजींनी ते हातात तोललं, पसंत केलं आणि म्हणाल्या, "पिशयेत गुंडाळ. लोखंड मिठाक लागता नये."

शेवटच्या थरावर टाकायचं मीठ त्यांनी मुठीत घेतलं. हात बरणीवर नेला आणि थांबला.

"सोमा," त्या म्हणाल्या, "तिकीट कदीचा माझा?"

काकांनी घसा साफ केला. "बुधवारचा, आये."

आजींनी काकूंकडे पाहिलं. काकू समोरच मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी नजर वळवली नाही.

"विभा, ह्या मीठ पडला काय मी खय जावक शकत नाय. तुका ठावक हा?"

"ठावक हा."

"म्हणान बांगडे हाडलंस?"

"म्हणान हाडलंय."

काकांनी ओवीकडे पाहिलं, ओवीनं माझ्याकडे. खालून कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला. आजींच्या मुठीतून मिठाचे दोन-चार खडे निसटून कागदावर पडले.

"आणि ही भरणी उघडल्यावर?" आजींनी विचारलं. "मगे मी जातलंय."

"तेच्या आदी दुसरी लावूची," काकू म्हणाल्या. "एका भरणीन आमका काय पुरता? अन्वरभाईक देवक व्हयो. बाजारातल्या अरफाबाईक देवक व्हयो, तेंका कळांदे आमचो हात कसो हा तो. मजल्यावर माणसा आसत. पाचव्या मजल्यावरच्या बायेचा बाळ घाबरला, तेच्या घराक पयलो."

"मजल्यावरच्या माणसांनी काल अलार्म ऐकल्यानी ना?" आजी म्हणाल्या. "तेंका खारो होयो?"

"मी घेईन," मी म्हटलं.

आजींनी माझ्याकडे जरा संशयानं बघितलं. मग पुन्हा सुनेकडे.

"घोवाक न्हय, झिलाक न्हय," त्या म्हणाल्या, "तुका एकटेक हारलंय मी आज. बेरकी आसस गो."

"तुमचीच सून."

आजींच्या गालात काहीतरी हललं. त्यांनी मूठ उघडली. मीठ बांगड्यांवर पसरलं आणि त्यांनी तळव्यानं ते सगळीकडे सारखं केलं, कडेपर्यंत. वर बशी उपडी घातली, तिच्यावर पिशवीतलं डंबेल. बरणीच्या तोंडावर फडकं बांधून गाठ मारली आणि ती दोनदा ओढून पाहिली.

"आतल्या कोपऱ्यात ठेव," त्या काकांना म्हणाल्या. "ऊन नको लागूक. आणि कोणी हात लावलो तर बघा."

काका बरणी उचलून आत घेऊन गेले. पाठोपाठ बोचकं उचलून कपाटात ठेवल्याचा आवाज आला. मग ते बाल्कनीत जाऊन फोनवर तिकिटाचं आणि व्हिजाचं विचारायला लागले. त्यांचा आवाज आज नेहमीपेक्षा जरा मोठा होता. ओवी वर्तमानपत्रं गोळा करत होती. आजी पाटावरच बसून राहिल्या होत्या, मिठानं पांढरे झालेले हात मांडीवर उलटे ठेवून.

काकू उठल्या. मिठाची रिकामी पिशवी झटकून त्यांनी घडी घातली, दाराजवळची किल्ली घेतली आणि चपला पायात सरकवता सरकवता मागे वळून विचारलं,

"आये, मीठ संपला. मी खाली जावन घेवन येतंय. तुमका आणखी काय होया?"